डेलियाच्या कंदांची विश्रांति

आमच्या वाचकांपैकीं ज्यांनीं हौसेनें डेलिया लावला असेल त्यांतील पुष्कळांस हा अनुभव आला असेल: पौष-माघांत ताटलीएवढीं फुलें, आणि पुढील भाद्रपदांत कुंडी उकरून पाहावी तों कंदांच्या जागीं काळा लगदा. मग पैसे खर्चून नवीं रोपें आणावयाचीं. ह्यांत दोष झाडाचा नाहीं. त्याच्या विश्रांतीची सोय आपण नीट करीत नाहीं, हें खरें कारण आहे.

डेलियाचें माहेर मेक्सिकोंतील डोंगराळ प्रदेश. तेथें पाऊस उन्हाळ्यांत पडतो व झाड त्या वेळीं वाढतें. हिवाळा कोरडा व थंड असतो, तेव्हां वरचा भाग मरून कंद जमिनींत स्वस्थ पडून राहतो. इ. स. १७९१ मध्यें माद्रिदच्या राजोद्यानांतील काव्हानीयेस ह्या वनस्पतिशास्त्रज्ञानें डाल नांवाच्या स्वीडिश पंडिताच्या स्मरणार्थ त्यास हें नांव दिलें. युरोपांत मात्र त्यास हिमाचा शत्रु भेटला. जमीन गोठली कीं कंदांतील पाण्याचें बर्फ होतें, आंतील पेशी फुटतात, आणि बर्फ वितळल्यावर कंद कुजतो. म्हणून इंग्लंडांतील माळी पहिल्या हिमानें पानें काळवंडलीं कीं कंद खणून काढतो, पोकळ देंठांतील पाणी निथळावें म्हणून कांहीं दिवस उलटे ठेवतो, आणि जेथें गोठण्याची भीति नाहीं पण ऊबही नाहीं अशा खोलींत कोरड्या वाळूंत झांकतो. मे महिन्याच्या अखेरीस ते पुन्हां बागेंत जातात.

हें वाचून कोणी येथें मार्गशीर्षांत कंद काढूं लागेल तर हातचीं फुलें घालवील. देशावर सप्टेंबर-आक्टोबरांत लावलेलें झाड त्याच सुमारास भरास येतें. आपल्याकडे भय आहे तें वैशाखाच्या तापाचें व त्यामागून येणाऱ्या पावसाचें. ह्या कंदांची साल फार पातळ असते. बटाट्याप्रमाणें त्यांस स्वतःचें पाणी राखतां येत नाहीं. म्हणून ते उन्हांत सुरकुततात आणि ओलींत सडतात.

फाल्गुनांत पानें पिवळीं पडूं लागलीं कीं पाणी हळूहळू तोडावें. खोड वीतभर ठेवून कापावें व चार-आठ दिवसांनीं सभोंवतालची माती मोकळी करून सगळा झुबका एकदम उचलावा. देंठ धरून ओढूं नये. बटाट्याचे डोळे सर्वांगावर असतात. डेलियाचे मात्र जुन्या खोडाच्या बुडाशीं, जेथें कंदाची मान जुळते तेथेंच असतात. मान मोडलेला कंद कितीही पुष्ट असला तरी त्यास कोंब फुटत नाहीं.

कंद सावलींत सुकवून, जखमांवर गंधकाची भुकटी लावून, मातीच्या पसरट कुंड्यांत कोरड्या बारीक वाळूंत ठेवावे आणि कुंड्या घरांतील सर्वांत थंड, वारा खेळत्या कोपऱ्यांत असाव्या. चुलीवरच्या माळ्यावर बियाणें उत्तम टिकतें, पण तेथें कंद ठेवूं नयेत. उष्णतेनें ते वाळून जातात. प्रस्तुत लेखकानें एके वर्षीं उलट चूक केली. कंद पुरते सुकण्यापूर्वींच घट्ट झांकणाच्या पत्र्याच्या डब्यांत घातले, आणि ज्येष्ठांत झांकण काढलें तों बुरशीवांचून आंत कांहीं उरलें नव्हतें.

दर पंधरवड्यास कंद चांचपून पाहावे. मऊ पडलेला भाग कापून टाकावा; फारच सुरकुतले असल्यास वाळूवर पाण्याचा हलका शिंतोडा द्यावा. कोकणांत पावसाळ्यांत वाळूच ओल धरते. तेथें ती तव्यावर भाजून, पुरती निववून वापरावी व अधूनमधून बदलावी.

पावसाचा जोर ओसरूं लागला म्हणजे कुंड्या उजेडांत आणून वाळू ओलसर करावी. कोंब तीन इंचांचे झाले कीं कांहीं धारदार चाकूनें कापून वाळूंत लावावे. त्यांस मुळें फुटून जीं रोपें होतात तीं मूळ झाडासारखींच फुलें देतात, आणि एका जुन्या झुबक्यापासून अनेक झाडें मिळतात. बियांपासून केलेल्या रोपांची अशी खात्री देतां येत नाहीं.