नाव घातलं, पुढं काय?

(समुदाय रेडिओवरील भाषण)



जून महिना लागला की पुण्यातल्या कॉलेजांच्या दारात झेरॉक्स काढणाऱ्यांची गर्दी होते. प्रवेश घेणाऱ्यांत हल्ली नुसत्या दहावी-बारावी झालेल्या पोरी नसतात. तिशी-पस्तिशीच्या बायका असतात. कुणी मुळशीकडून आलेली असते, कुणी भोरकडून, कुणी पुरंदरकडून. कुणाला बालवाडी शिक्षिका व्हायचं असतं, कुणाला कॉम्प्युटरवर हिशेब लिहायला शिकायचं असतं, कुणाची बी.ए. लग्नामुळे राहिलेली असते. मी अशा बायकांच्या वर्गावर शिकवते. वर्षाच्या शेवटी अहवाल लिहायची वेळ आली की प्रवेश किती झाले हा आकडा पहिल्या पानावर ठळक छापला जातो. त्यातल्या किती जणी शेवटच्या पेपरला बसल्या, हा आकडा मात्र शोधावा लागतो. आज त्या दुसऱ्या आकड्याबद्दल बोलायचं आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसणारी एक बाई होती. नाव सांगत नाही. दहा महिने तिने एक तास बुडवला नाही, आणि परीक्षेच्या तोंडावर यायची बंद झाली. हजेरीपटावर आम्ही तिच्या नावापुढे ‘गै’ लिहीत गेलो, आणि शेवटी ती ‘गळती’ या रकान्यात गेली. पुढे सहा-सात महिन्यांनी ती मला पौड फाट्याच्या बस थांब्यावर भेटली. म्हणाली, “बाई, सासऱ्यांना दवाखान्यात ठेवलं होतं. परीक्षेचा फॉर्म भरायचा दिवस त्यातच निघून गेला. आता सगळं संपलंच म्हणून आले नाही. तुम्हाला तोंड तरी कसं दाखवायचं?” मैत्रिणींनो, तारीख उलटल्यावरही थोडं विलंब शुल्क भरून आठ दिवस फॉर्म घेत होते. तिला ते ठाऊक नव्हतं, मला होतं. एक फोन करायचा होता, तो मी केला नाही.

तेव्हापासून मला तो ‘गळती’ शब्द खटकतो. हंडा गळका असतो तेव्हा आपण पाण्याला बोल लावत नाही. शिक्षणाच्या बाबतीत मात्र बाई मध्येच थांबली की सगळे म्हणतात, तिला जमलं नाही, तिचं मन नव्हतं. मन नव्हतं, तर ती दहा महिने एसटीने येत कशाला होती?

पुण्यात हा प्रश्न आजचा नाही. रमाबाई रानड्यांचं लग्न १८७३ साली झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. नवऱ्याने, म्हणजे न्यायमूर्ती रानड्यांनी, त्यांना शिकवायला घेतलं. नवऱ्याचा पाठिंबा होता, घरात पुस्तकं होती, पैशाची ददात नव्हती. तरी घरातल्या मोठ्या बायकांनी त्यांना किती बोल लावले, कसं एकटं पाडलं, ते त्यांनी १९१० साली छापलेल्या आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. रमाबाईंना शिकणं अवघड गेलं ते डोकं चालत नव्हतं म्हणून नव्हे. शिकायचं आणि त्याच वेळी घरातलं आपलं स्थान राखायचं, ही कसरत अवघड होती. आज हे ऐकणाऱ्या गटांत सासवाही आहेत, सुनाही आहेत. मी कुणाला दोष देत नाही, पण घरात पुस्तक उघडल्यावर कोण काय बोलतं, हे आपलं आपण आठवून पाहावं.

पुढे १९०९ साली रमाबाई आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं. तिथं प्रौढ बायकांचे वर्ग होते, शिक्षिकांचं आणि परिचारिकांचं प्रशिक्षण होतं, आणि बाहेरगावच्या, विधवा, निराधार बायकांसाठी राहायची सोय होती. मला या यादीत राहायची सोय सगळ्यांत महत्त्वाची वाटते. नुसता वर्ग काढून भागत नाही. बाई त्या वर्गापर्यंत रोज पोचेल कशी, तिचं जेवण-राहणं काय, हे शिकवणाऱ्यानेच बघायचं, हे त्यांना कळलं होतं. अण्णासाहेब कर्व्यांचंही तेच. हिंगण्याच्या माळावर त्यांनी शाळेबरोबर आश्रम उभा केला.

त्याच पुण्यात गरीब विद्यार्थी ‘वार लावून’ जेवायचे. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. कितीतरी मोठी माणसं अशा वारांवर शिकली. पण एक गोष्ट लपवायला नको. हे वार बहुतेक करून ब्राह्मणाच्या मुलाला मिळत. बाकीच्यांच्या मुलांना पेठेत कोण ताट वाढणार? त्यांच्यासाठी कोल्हापुरात शाहू महाराजांनी वसतिगृहं काढली. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र बोर्डिंग सुरू केलं. ‘कमवा आणि शिका’ हे शब्द आपण त्यांच्यामुळेच ऐकतो, आणि पुणे विद्यापीठातली आजची कमवा व शिका योजनाही त्यांच्याच नावाने चालते. पुण्यात १९५५ साली डॉ. अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती स्थापन केली, तीही खेड्यातून आलेल्या मुलामुलींना शहरात टिकता यावं म्हणूनच. यातल्या कुणीही “मन लावून शिका” एवढं सांगून हात झटकले नाहीत.

आता जरा लांब जाऊ, अमेरिकेत. तिथं कम्युनिटी कॉलेज नावाची सरकारी कॉलेजं असतात. फी कमी, प्रवेश सोपा, शिक्षण दोन वर्षांचं. नोकरी करणारी, लेकुरवाळी, गरीब माणसं तिथं जातात. आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगानेही २०१३-१४ पासून याच नावाची योजना सुरू केली. तर त्या अमेरिकेतही दुखणं हेच. प्रवेश भरमसाट, पुरं करणारे थोडे. न्यूयॉर्क शहराच्या विद्यापीठाने २००७ साली एक प्रयोग सुरू केला. फीमध्ये कमी पडेल ते भरून दिलं, पुस्तकं दिली, बस आणि रेल्वेचा पास दिला, तास लागोपाठ ठेवले म्हणजे मध्ये तीन तास ताटकळायला नको. आणि प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक सल्लागार नेमला, ज्याच्याकडे फार माणसं नसत आणि ज्याला नियमित भेटावंच लागे.

हे खरंच उपयोगी पडतं का, हे त्यांनी कसं तपासलं ते ऐका, कारण ते तुम्हाला लगेच कळेल. भिशीत आपण चिठ्ठी काढतो ना, तशी सोडत काढली. सुमारे ९०० सारख्याच परिस्थितीतले विद्यार्थी घेतले. सोडतीत अर्ध्यांना ही सगळी मदत मिळाली, अर्ध्यांना नेहमीचीच. तीन वर्षांनी पाहिलं. नेहमीची मदत मिळालेल्या १०० जणांतले २२ जण शिक्षण पुरं करून बाहेर पडले होते, आणि जादा मदत मिळालेल्या १०० जणांतले ४०. विद्यार्थी तसेच, डोकी तशीच. दर विद्यार्थ्यामागे खर्च दीडपटीहून जास्त आला, हे खरं. पण पुरं करणारे इतके वाढले की एका पदवीमागचा खर्च उलट कमी पडला. म्हणजे अर्ध्यात सोडून गेलेल्यांवर जे पैसे वाया जात होते, ते वाचले. नंतर हाच प्रयोग ओहायो नावाच्या दुसऱ्या राज्यात केला, तिथंही पुरं करणाऱ्यांचं प्रमाण जवळजवळ तेवढंच वाढलं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बसच्या पासाशी थांबले. आपल्याकडेही बाईचं शिक्षण कितीदा बसभाड्यावरच अडतं! १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याने माझ्या वर्गातल्या बायकांना किती फरक पडला हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ही सवलत एसटीची. स्वारगेटला उतरल्यावर पुढच्या बसचा हिशेब वेगळा करावा लागतो, तो प्रवेश घ्यायच्या आधीच करून ठेवा.

आपल्या बायकांची वाट नेमकी कुठं अडते, हे मी आता ओळखायला लागले आहे. कॉलेजं सुरू होतात जून-जुलैत, आणि मुळशी-मावळ-भोरला भातलावणी असते जुलैतच. म्हणजे पहिले तीन आठवडे बाई गुडघाभर चिखलात, आणि वर्गात इंग्रजीची, गणिताची सुरुवात होऊन गेलेली. लावणी उरकून ती येते तेव्हा बाकीच्या पुढे गेलेल्या. तिला वाटतं, आपल्यालाच येत नाही. वर हजेरी ७५ टक्के भरायची असते. मी आता प्रवेशाच्या दिवशीच विचारते, तुमच्याकडे भात आहे का? असेल तर लावणीनंतरचे दोन रविवार त्यांच्यासाठी जादा तास घेते. एवढं कुठल्याही कॉलेजला करता येईल. सातवीपर्यंतचं गणित विसरलं म्हणून कुणाला वर्षभर मागे बसवायची गरज नसते. चालू अभ्यासाबरोबर जोड देत गेलं की चालतं. अमेरिकेतल्या कॉलेजांनाही हे बऱ्याच उशिरा उमगलं.

दुसरी अडचण नावाची. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. प्रवेशाला कुणी अडवत नाही; अडतं ते परीक्षेचा फॉर्म भरताना किंवा शिष्यवृत्तीचे पैसे खात्यात यायच्या वेळी. म्हणून विवाह नोंदणीचा दाखला आधीच काढून ठेवा. नाव बदलून राजपत्रात छापून घ्यायचं असेल तर त्याला वेळ लागतो, तेही सुरुवातीलाच करा. आणि सगळ्या कागदांवर शिकण्यासाठी एकच नाव धरा.

पैशाचं म्हणाल तर २०२४-२५ पासून आपल्या राज्यात आर्थिकदृष्ट्या मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना शासनमान्य व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. पण प्रत्येक छोट्या प्रमाणपत्राच्या वर्गाला हे लागू नाही. आपल्या अभ्यासक्रमाला लागू आहे का, हे कॉलेजच्या कार्यालयात विचारून घ्या, आणि जमलं तर लिहून घ्या.

आणि मग लगीनसराई. वार्षिक परीक्षा एप्रिल-मेमध्ये, लग्नं आणि जत्रा त्याच महिन्यांत. नणंदेच्या लग्नाच्या दिवशी पेपर असला तर बाईने काय करावं, याचं उत्तर मला आजही देता येत नाही. एवढंच सांगते की परीक्षेचं वेळापत्रक लागल्याबरोबर ते घरात चुलीशेजारच्या भिंतीवर लावा. तारीख काढायच्या बैठकीत ते कुणाच्या तरी डोळ्यांसमोर येतं.

यात बचत गट काय करू शकतो? गट म्हशीला कर्ज देतो, दवाखान्याला देतो, लग्नालाही देतो. परीक्षेच्या फीला किती गटांनी अंतर्गत कर्ज दिलं आहे? रक्कम बहुतेक वेळा म्हशीच्या एका पायाइतकीही नसते. एका गटाने मात्र पैशाच्याही पुढचं केलं. गटात तिघी शिकत होत्या. महिन्याच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की अध्यक्षा वहीत बघून विचारायच्या, “फॉर्मची तारीख कधी? हजेरी किती भरली? पावती दाखव.” सुरुवातीला तिघींना ते जाचक वाटलं. पण त्या वर्षी तिघीही परीक्षेला बसल्या. न्यूयॉर्कच्या त्या सल्लागाराचं काम आपल्या अध्यक्षा पगार न घेता करत होत्या. असं काम फुकट व्हावं असं मला वाटत नाही. कॉलेजांनी त्यासाठी माणूस नेमायलाच हवा. पण तो नेमेपर्यंत तिघींचं वर्ष कशाला जाऊ द्यायचं?

म्हणून प्रवेश घेताना फी विचारता तसं हेही विचारा: गेल्या वर्षी किती जणींनी नाव घातलं आणि किती जणी पास होऊन गेल्या? मी दोन आठवडे आले नाही तर मला फोन कोण करणार, त्यांचं नाव काय? उत्तर देताना समोरचा माणूस चुळबुळायला लागला, तर तेही एक उत्तरच समजा.

ज्यांची एटीकेटी राहिली आहे, एक-दोन विषय अडकले म्हणून दहा वर्षं ज्या त्याबद्दल बोलत नाहीत, अशा बायका प्रत्येक गावात आहेत. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीच्या पहिल्या वर्षानंतर नियमाप्रमाणे प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका घेऊन थांबता येतं, आणि मिळवलेले श्रेयांक खात्यात सात वर्षांपर्यंत जमा राहतात. बँकेत पैसे ठेवावेत तसे. जुन्या अभ्यासक्रमांचे नियम वेगळे असतात, आणि प्रत्येक विद्यापीठाचे पुन्हा निराळे. काही वेळा मुदत गेलेली असते, काही वेळा नसते. घरी बसून ते कळत नाही. जुनी गुणपत्रिका शोधा, तिच्यावर पीआरएन क्रमांक किंवा बैठक क्रमांक असतो. त्या क्रमांकावर विचारलं की कार्यालयातल्या माणसाला तुमची नोंद काढून सांगता येतं. एकटीने जाऊ नका, गटातली एखादी बरोबर घ्या, आणि सकाळी अकराच्या आत पोचा. दुपारी रांग फार लांब होते.