शाळेतील आरोग्य तपासणी आणि टोळीतली मुले



ऊस विकास विभागाच्या माणसाने लागण-खोडवा सोडून शाळेतल्या डॉक्टरी तपासणीवर लिहावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण गेल्या हंगामात एक प्रसंग असा घडला की तो आपल्यापुढे ठेवल्याशिवाय आम्हाला राहवत नाही.

कड्याजवळच्या एका फडावर आम्ही तोडणी पाहायला गेलो होतो. कोपीच्या तोंडाशी आठ-नऊ वर्षांची एक मुलगी धाकट्या भावाला घेऊन बसलेली. खोकला काही थांबेना. आईला विचारले, किती दिवस झाले? "दिवाळीपासनं हाय साहेब. चुलीच्या धुरानं होतंय." दिवाळी होऊन तेव्हा दोन महिने लोटले होते. शाळेत तपासले नाही का, म्हटल्यावर ती म्हणाली, "आमच्या गावच्या साळंत डाक्टर येऊन गेले म्हणं. पर तवा आम्ही हितं फडात."

म्हणजे बघा, गावच्या शाळेच्या पटावर नाव आहे, पण मूल तिथे नाही. इथे मूल आहे, पण पटावर नाव नाही. दोन्हीकडची तपासणी तिला चुकवून गेली.

मुलीला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले. डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न, "घरात आणखी कोण खोकतंय?" टोळीतच असलेला तिचा चुलता त्याच कोपीत झोपत असे. पुढे छातीचे फोटो, थुंकीची तपासणी झाली आणि दोघांनाही क्षय निघाला. या चुलत्याला आम्ही वजनकाट्यावर सबंध हंगामभर खोकताना पाहिले होते. "बिडी कमी कर रे बाबा" यापलीकडे आम्ही त्याला काही बोललो नव्हतो. हे लिहिताना बरे वाटत नाही.

डॉक्टरांनी तेव्हा एक गोष्ट समजावली. क्षय झालेले लहान मूल सहसा दुसऱ्याला रोग देत नाही. त्याने तो कोणा मोठ्या माणसाकडून घेतलेला असतो. म्हणून शाळेत तपासणी करायची तर ती एकट्या मुलांची करून भागत नाही. गुरुजी, बाई, खिचडी शिजवणारी मावशी, हंगामी वसतिगृहात मुलांजवळ झोपणारा माणूस, सगळ्यांचीच व्हायला हवी.

आपल्याला हे नवे नाही. बेणेमळ्यात आपण काय करतो? गवताळ वाढीचा रोग बेण्यातून येतो. कांडी हातात घेतली तर चांगली ठणठणीत दिसते, रोग उगवणीनंतर डोके काढतो. म्हणून तर मूलभूत बेण्याला 50 अंशाच्या गरम पाण्यात दोन तास ठेवायचे. काणीचा काळा चाबूक दिसला की पिशवी घालून बेट मुळासकट काढायचे, आणि तेही भुकटी उडायच्या आत. मात्र उसाचे बेट उपटून जाळता येते, माणसाचे तसे नाही. इथे तपासणी करायची ती माणूस बरा करण्यासाठी, बाहेर काढण्यासाठी नव्हे. दाखला इथेच संपतो.

कोरोनाच्या काळात हे सगळ्या राज्याने अनुभवले. 23 नोव्हेंबर 2020 पासून नववी ते बारावीचे वर्ग उघडायचे ठरले, तेव्हा शिक्षकांना आधी आरटीपीसीआर तपासणी सक्तीची केली गेली. कुरकूर पुष्कळ झाली. पण ठिकठिकाणी धडधाकट दिसणारे शिक्षक बाधित निघाले, ते वर्गात पाऊल टाकण्यापूर्वीच. पुढे फेब्रुवारी 2021 मध्ये वाशिम जिल्ह्यात रिसोड तालुक्यातल्या देगाव येथे एका निवासी शाळेत विद्यार्थी व कर्मचारी मिळून सव्वादोनशेच्या वर बाधित निघाले. आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यात (आताचे अहिल्यानगर) टाकळी ढोकेश्वरच्या नवोदय विद्यालयातही डिसेंबर 2021 च्या अखेरीस बरीच मुले बाधित सापडली. एका छपराखाली निजणाऱ्या मुलांत रोग किती झपाट्याने फिरतो, ते यावरून ध्यानात यावे. कोपी काय आणि वसतिगृह काय, जागा अपुरीच.

शासनाच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत वर्षातून एकदा येते, अंगणवाडीत दोनदा. शाळेची ती एक वेळ नेमकी गळिताच्या महिन्यांत पडली की आपल्या आष्टी, पाटोदा, शिरूर भागातून कोयता घेऊन गेलेल्यांची पोरे सुटतात. यात परकी कोण? आपल्याच सभासदांचे भाऊबंद पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात फडावर आहेत.

आता म्हणाल, तपासणी केली आणि रोग निघाला तर मुकादम उचल परत मागेल, कोयता मोडेल. ही भीती खोटी नाही. त्या चुलत्यानेही त्यापायीच खोकला दाबला होता. पण क्षयाची तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे. साधा क्षय असेल तर उपचार सहा महिन्यांचा. योग्य औषध लागू पडले की काही आठवड्यांत दुसऱ्याला लागण होण्याचा धोका पुष्कळ उतरतो. नोव्हेंबर 2024 पासून पोषणासाठी रुग्णाला महिना 1000 रुपयेही मिळतात. लपवले तर मात्र अख्खी टोळी बसते, आणि ऊस कोणाचा उभा राहतो हे सांगायला नको.

खरजेचे तर आणखी सोपे. रात्री खाज सुटते असे मूल सांगू लागले की घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी औषध लावावे आणि कपडे-अंथरुणे गरम पाण्यात धुवावीत. एकट्या मुलाला लावले तर आठ दिवसांत पुन्हा तेच.

आमची विनंती एवढीच. टोळी फडावर उतरली की चौदा वर्षांखालची मुले किती, हे आमच्या चिटबॉयला सांगा. तो ऊसनोंदीच्या वहीतच लिहून घेईल, आणि ती यादी आम्ही जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना व आरोग्य केंद्राला देऊ. मुलाला कोणत्याही महिन्यात जवळच्या शाळेत बसवता येते. ज्यांच्याकडे शिक्षण हमी कार्ड आहे त्यांनी तपासणीची चिठ्ठी त्याच्याबरोबरच जपून ठेवावी, म्हणजे गावी परतल्यावर औषध तुटणार नाही. कोणाला काय निघाले याची चर्चा मात्र काट्यावर नको. दोन आठवड्यांच्या वर खोकणारा माणूस दिसला, मग तो मजूर असो की आमच्यासारखा साहेब, त्याला गाडीवर बसवून दवाखान्यात न्यावे.

ती मुलगी औषध पुरे करून जूनमध्ये तिसरीत बसली. चुलत्याचा डोस अजून चालू आहे.

— ऊस विकास अधिकारी