‘‘काकू, मी नुसती नावंच लिहायची का हो?’’

दरवर्षी २६ जानेवारीला आमचं महिला मंडळ गल्लीतल्या मुलांच्या स्पर्धा घेतं. लिंबू-चमचा, पोत्यात पाय घालून पळणं, संगीत खुर्ची आणि जरा मोठ्या मुलांसाठी गोळाफेक. आमच्या शेजारी एक मुलगी आहे, आठवीतली. जन्मापासून उजवा पाय अधू, कॅलिपर लावून चालते. अक्षर मात्र मोत्यासारखं! म्हणून गेली चार वर्षं मी तिला टेबलाशी बसवून विजेत्यांची नावं लिहायला देत आले. ‘हिलाही सामावून घेतलं’ म्हणून मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेत होते. यंदा वही परत देताना ती हळूच म्हणाली, ‘‘काकू, मी नुसती नावंच लिहायची का हो?’’

मैत्रिणींनो, त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी वाचायला बसले. आणि लाजच वाटली. कारण ज्याची सुरुवात मी शोधत होते, ती आपल्याच महाराष्ट्रात होती. मुरलीकांत पेटकर हे सांगली जिल्ह्यातले. सैन्यात होते, बॉक्सिंग करायचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. उपचार म्हणून पाण्यात उतरले ते पोहतच राहिले. १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक मिळवलं. पॅरालिम्पिकमधलं भारताचं हे पहिलं सुवर्ण. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, म्हणजे ४६ वर्षांनी! पुढे २०२४ मध्ये त्यांच्यावर ‘चंदू चॅम्पियन’ हा सिनेमा आला, तेव्हा कुठे घराघरात त्यांचं नाव पोचलं.

या खेळांची सुरुवातही जखमी सैनिकांपासूनच झाली. इंग्लंडमधल्या स्टोक मँडेविल इस्पितळात डॉ. लुडविग गुटमान यांनी १९४८ मध्ये मणक्याला इजा झालेल्या रुग्णांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. त्यातूनच १९६० मध्ये रोमला पहिलं पॅरालिम्पिक झालं. भारत प्रथम उतरला तो १९६८ मध्ये. १९८४ मध्ये जोगिंदरसिंग बेदी यांनी एकट्यानं तीन पदकं आणली, भीमराव केसरकर यांनी भालाफेकीत रौप्य मिळवलं. त्यानंतर मात्र २० वर्षं आपली पाटी कोरी! २००४ मध्ये देवेंद्र झाझरियानं भालाफेकीत सुवर्ण जिंकलं, तेव्हा ती रिकामी वर्षं संपली.

आणि बायका? भारतीय स्त्रीला पॅरालिम्पिकचं पहिलं पदक मिळायला २०१६ साल उजाडावं लागलं. दीपा मलिक. दोन मुलींची आई. मणक्यातल्या गाठीमुळे छातीखालचं शरीर निकामी झालेलं. रिओमध्ये गोळाफेकीत रौप्य मिळवलं तेव्हा वय ४५. त्या वयात आपण ‘आता काय राहिलंय आपलं’ म्हणत असतो, हो ना?

इथे माझी एक शंका फिटली. बसून गोळा कसा टाकणार? तर खेळाडूसाठी खास आसन जमिनीला घट्ट बांधतात, खेळाडूलाही पट्ट्यांनी त्यावर बांधतात आणि मग हात, खांदे यांच्या जोरावर तो गोळा टाकतो. शरीराची किती आणि कोणती शक्ती शाबूत आहे हे तपासून खेळाडूंचे गट पाडतात, म्हणजे सारख्याची सारख्याशी स्पर्धा. दयेचा प्रश्नच नाही!

दीपानंतर मात्र दार उघडलंच. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो पॅरालिम्पिकमध्ये भारताला १९ पदकं मिळाली. अवनी लेखरा नेमबाजीत सुवर्ण जिंकणारी पहिली भारतीय स्त्री ठरली. भाविना पटेलनं टेबल टेनिसमध्ये रौप्य आणलं. २०२४ मध्ये पॅरिसला २९ पदकं, त्यात ७ सुवर्ण. अवनीनं आपलं सुवर्ण राखलं. दोन्ही हात नसलेली शीतल देवी पायानं धनुष्य धरून मिश्र दुहेरीत कांस्य जिंकली, वय अवघं १७. आणि आपल्या आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारीनं गोळाफेकीत रौप्य मिळवलं.

हे सगळं घेऊन मी त्या मुलीच्या आईकडे गेले. चहा झाला, मी विषय काढला. ती म्हणाली, ‘‘ताई, खेळायला पाठवायचं तर आधी सर्टिफिकेट लागतं. ते मी काढलंच नाही. कागदावर आलं की कायमचा शिक्का. उद्या हिच्या लग्नाला कोण येईल?’’

मी गप्प झाले. तिची भीती खोटी नाही. आपणच तर स्थळ बघताना पहिला प्रश्न तो विचारतो! पण मग मी तिला एवढंच म्हटलं, ‘‘कागद नसला तरी पाय तोच राहणार गं. कागद असला तर निदान हक्काची दारं उघडतील.’’ प्रमाणपत्राशिवाय सवलत नाही, शिष्यवृत्ती नाही, दिव्यांगांच्या स्पर्धेत नाव घालता येत नाही. ती काही बोलली नाही.

पंधरा दिवसांनी मायलेकी सरकारी दवाखान्यात प्रमाणपत्रासाठी गेल्या. मीही सोबत होते. रांगेत तीन तास गेले, पण अर्ज दाखल झाला. मग एका संध्याकाळी शाळेच्या मैदानात लोखंडी खुर्ची ठेवली. मी एक पाय धरला, तिच्या आईनं दुसरा. गोळा पहिल्यांदा तिच्या पायांशीच पडला. दुसऱ्यांदा जरा लांब. तिसऱ्यांदा आईच ओरडली, ‘‘अगं, खांद्यातून टाक!’’

ती पॅरालिम्पिकला जाईल का? मला ठाऊक नाही आणि ते महत्त्वाचंही नाही. पुढच्या २६ जानेवारीला नावं लिहायला दुसरं कुणीतरी शोधायचंय, एवढं मात्र नक्की. मैत्रिणींनो, तुमच्या गल्लीत, मंडळात अशी एखादी टेबलाशी बसलेली मुलगी आहे का? तिला एकदा विचारा तरी, ‘‘तुला काय खेळायचंय गं?’’