एल.एल.एम. झालात, पण खैरलांजीचा निकाल वाचलात का?

आपल्या वस्तीतला मुलगा एल.एल.एम. झाला की विहारात सत्कार होतो. आनंदच आहे. पण तो शिकला काय, हे कोणी विचारत नाही. गाइडवरून पेपर आणि जुन्या प्रबंधावरून नवा प्रबंध, एवढ्यावर मिळालेली पदवी समाजाच्या काय कामाची?

बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले, १९१५ मध्ये एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. जी जात स्वतः सोसली, तिचीच उत्पत्ती त्यांनी अभ्यासकाच्या शिस्तीने तपासली. पदव्युत्तर शिक्षण ते हेच!

आमच्या विद्यार्थ्यांनी आज खैरलांजीचा खटला अभ्यासावा. २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. २००८ मध्ये भंडारा सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी व दोघांना जन्मठेप सुनावली. पण अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा सिद्ध धरला नाही. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून २५ वर्षांची कैद दिली. फिर्यादीत काय लिहिले? तपासात काय सुटले? जातीय हेतूचा पुरावा का टिकला नाही?

निषेधसभा आम्ही पुष्कळ घेतल्या. या प्रश्नांची उत्तरे मात्र निकालपत्र ओळीओळीने वाचणाराच देऊ शकेल. आरोपी पुराव्याअभावी सुटतो, तेव्हा कोर्टाच्या पायरीवर बसलेल्या आईला आमची पदवी दाखवून चालत नाही. असा एकेक निकाल घ्या, त्यावर प्रबंध लिहा आणि तो गावातल्या कार्यकर्त्याच्या हाती द्या. 'शिका' या आदेशाचा अर्थ एवढाच आहे.

जयभीम!