कचेरीने वाचवलेला वाडा

कोपरगावच्या वाड्याकडे मला ओढून नेलं ते अहमदनगर जिल्ह्याच्या १८८४च्या गॅझेटिअरने. रघुनाथराव पेशव्यांचं, म्हणजे राघोबादादांचं, इथलं घर एकच नव्हतं. गोदावरीच्या बेटातला वाडा मोडून त्याचं सामानसुमान विकलं गेलं. तीन मैलांवर हिंगणीला नदीकाठी दुसऱ्या वाड्याच्या भक्कम दगडी भिंती तेवढ्या राहिल्या. गावातला वाडा मात्र उभा राहिला, कारण इंग्रजी अमलात त्यात तालुक्याच्या कचेऱ्या बसल्या. एकाच माणसाची, एकाच नदीकाठची घरं, आणि त्यातलं टिकलं ते कारकुनांच्या ताब्यात गेलेलं. हे वाचल्यापासून माझं लक्ष राघोबादादांवरून उडालं आणि घरावर बसलं.

दादांची कथा शाळेत सगळेच शिकतात. १७५८ साली मराठी फौजा अटकेपर्यंत गेल्या, १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला, मग बारभाईंचं कारस्थान आणि इंग्रजांचा आश्रय. मे १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला. इंग्रजांनी दादांचा हात सोडला आणि पेशवाईने त्यांना महिना पंचवीस हजार रुपये नेमून दिले. मनसुबे संपलेला हा माणूस कोपरगावी येऊन राहिला. ११ डिसेंबर १७८३ रोजी तो वारला.

घर म्हणून हा वाडा मला खरा दिसतो तो यानंतर. त्यांच्या पत्नी आनंदीबाई तेव्हा गरोदर होत्या. नवरा जाऊन चार महिनेही झाले नव्हते, तेव्हा ३० मार्च १७८४ रोजी त्यांना मुलगा झाला. तोच चिमाजी आप्पा. आधीचा मुलगा बाजीराव नऊ वर्षांचा होता, शिवाय दत्तक घेतलेले अमृतराव होते. आनंदीबाईंचं नाव निघालं की लोकांच्या तोंडी ‘ध’चा ‘मा’ येतो, पण ती गोष्ट पुण्याची. कोपरगावची आनंदीबाई म्हणजे पुण्याच्या नजरेखाली तीन मुलांना घेऊन राहणारी विधवा. शेवटचा पेशवा होणारा मुलगा इथेच वाढला. १७९३ साली कुटुंबाला नाशिकजवळ आनंदवल्लीला हलवलं आणि दुसऱ्याच वर्षी आनंदीबाई गेल्या. कोपरगावचं कुटुंबाचं घर तिथे संपलं.

पुढचं पान काळं आहे. १८०४ साली पेशव्यांचा खानदेशचा सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण याने भिल्लांना फसवून कोपरगावी बोलावलं, पकडलं आणि बहुतेकांना दोन विहिरींत टाकलं. तेव्हा गादीवर होता तो याच गावात वाढलेला बाजीराव. कोपरगावला पेशव्यांचं गाव म्हणून मिरवायचं, तर या विहिरींची गोष्टही त्याच श्वासात सांगायला हवी, असं मला ठामपणे वाटतं.

१८१८ साली इंग्रजांची मद्रासची पलटण गावात शिरली. पुढे पेशव्यांच्या दालनांत दप्तरं आली. शेतसाऱ्याचे हिशेब आणि सरकारी शिक्के आले, अर्ज घेऊन ताटकळणारे शेतकरी आले.

कचेरीने वाडा कसा वाचवला, हे कळायला लाकूड समजून घ्यावं लागतं. अशा वाड्यांचा भार मुख्यतः लाकडी सांगाड्यावर असतो. दगडी तळखड्यावर खांब, म्हणजे जमिनीची ओल लाकडाला लागत नाही. खांबावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर पाट. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण, आणि घर मोजायचं ते खणांनी. माळवदी घरात या कडीपाटावर पांढऱ्या मातीचा जाड थर येतो. तो उन्हाळ्यात गारवा देतो, पण दर पावसाळ्याआधी त्याची डागडुजी करावीच लागते. एक वर्ष चुकलं की पाणी मुरतं, माती जड होते आणि कडीचं भिंतीत गाडलेलं टोक कुजू लागतं. ते टोक कुणाला दिसत नाही. खालून कडी धडधाकट दिसते, रंगही सुरेख असतो. जाणता सुतार मात्र हातोडीने ठोकत जातो आणि आवाज बसका आला की थांबतो. मला हे घराची नाडी बघण्यासारखं वाटतं.

कचेरी असलेल्या इमारतीत गळतीची तक्रार करायला रोज कुणीतरी हजर असतं, कारण कागद भिजतात. बेटातल्या वाड्यात अशी तक्रार करायला कोण होतं? तिथलं लाकूड बाजारात गेलं. इथलं वर राहिलं. एका दालनाच्या छताचं कोरीव लाकूडकाम तर गॅझेटिअरनेही वाखाणलं आहे.

आज हा वाडा राज्य संरक्षित स्मारक आहे. कायद्याने तो पाडता येत नाही. पण लाकूड कुजतं ते कायदा न मोडता. अशा इमारतींच्या दुरुस्तीत मला भीती वाटते सिमेंटची. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा दिला की आतली ओल बाहेर पडत नाही, आणि ती जाते सरळ त्या गाडलेल्या टोकांकडे. चुना मळणारे, जुनी कडी न हलवता तिला नवं टोक जोडणारे हात दरवर्षी कमी होत आहेत. दुरुस्तीचा निधी एकदाच मोठा येतो. वाड्याला हवी असते दर मे महिन्यात थोडी माया.

माझं मत विचाराल तर या वाड्यात पुन्हा काहीतरी रोज भरावं. वाचनालय चालेल, तालुक्याच्या जुन्या कागदांचं दालन चालेल. तिथे भिजू नये असं काहीतरी असावं, आणि पहिल्या पावसाच्या रात्री बॅटरी घेऊन कडीपाट न्याहाळत फिरणारं माणूस असावं.