पद्मालयाला जाताय? निर्माल्य तळ्यात नको!



एरंडोलपासून साधारण १० किलोमीटरवर पद्मालयाचं गणपती मंदिर आहे. गाभाऱ्यात उजव्या आणि डाव्या सोंडेच्या दोन मूर्ती शेजारी शेजारी आहेत. पद्मालय म्हणजे कमळांचं घर. मंदिराजवळच्या कमळांच्या तळ्यावरूनच हे नाव पडलं.

मागे एका संकष्टीला गटासोबत गेले होते. एक मावशी निर्माल्याची कॅरीबॅग तशीच पाण्यात सोडत होत्या. मी थांबवलं तर म्हणाल्या, "मंग टाकू कुठं? पायाखाली आलं तर पाप लागंल ना!" प्रश्न बरोबर होता, म्हणून हे लिहिते.

फुलं पाण्यात कुजतात तेव्हा पाण्यातला प्राणवायू कमी होतो. मासे गुदमरतात, पाण्याला वास सुटतो. कॅरीबॅग आणि चमकी तर कुजतच नाही. म्हणजे देवाला वाहिलेल्या फुलांनीच देवाचं तळं बिघडतं.

मग करायचं काय?

१. जाताना कापडी पिशवी न्या. निर्माल्य घरी आणा.
२. दोरा, टाचणी, चमकी काढून टाका.
३. खड्ड्यात किंवा जुन्या माठात फुलं, सुका पाला, शेण आणि माती यांचे थर द्या. ओलसर ठेवा, पण चिखल नको. आठ-दहा दिवसांनी वर-खाली करा. दोन-तीन महिन्यांत खत तयार होतं.

मावशींनी ते खत दारच्या तुळशीला घातलं. "आता पायाखाली नाही, तुळशीत गेलं," म्हणाल्या.

पुढच्या दर्शनाला पिशवी कोण नेणार, ते या महिन्याच्या बैठकीतच ठरवा बरं का!