वत्सगुल्मापासून एल-1 पर्यंत : आपले अवकाश-कॅमेरे

सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराचार्यांनी ‘महाभास्करीय’ ग्रंथात लंकेपासून अवंतीमार्गे, म्हणजे उज्जैनमार्गे, मेरूपर्यंत जाणाऱ्या मध्यरेषेवरची गावे दिली आहेत. त्यांत समृद्ध वत्सगुल्म, म्हणजेच आपले वाशिम आहे. आजच्या नकाशात वाशिम उज्जैनच्या सुमारे 1.4 अंश पूर्वेला पडते. सूर्याच्या घड्याळात हा फरक साडेपाच मिनिटांचा. दुर्बीण नसताना केलेल्या या मोजणीतली चूक मला छोटीच वाटते. वाशिमकरांनी या उल्लेखाचा अभिमान बाळगावा आणि त्याच जिव्हाळ्याने महाराष्ट्राचा हातभार लागलेल्या आजच्या अवकाश-कॅमेऱ्यांकडेही पाहावे.

28 सप्टेंबर 2015 रोजी सुटलेल्या ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ या भारतीय खगोल-उपग्रहावरचे असे दोन कॅमेरे पाहू. पहिला ‘सीझेडटीआय’, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुण्याची खगोलसंस्था ‘आयुका’ यांच्या सहभागातून झालेला. प्रखर क्ष-किरण साध्या आरशाला जुमानत नाहीत. म्हणून छिद्रे पाडलेला टँटलमचा पडदा समोर ठेवायचा आणि 16,384 पिक्सेलांवर पडलेल्या त्याच्या सावलीवरून किरण कुठून आले हे गणिताने शोधायचे.

दुसरा ‘यूव्हीआयटी’ अधिक लोभस. त्याची उभारणी बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या नेतृत्वाखाली झाली. आयुका आणि कॅनडाची अवकाश संस्था सोबतीला होत्या. त्यात जेमतेम 38 सेंटिमीटरच्या दोन दुर्बिणी आहेत. ‘हबल’ या अवकाश-दुर्बिणीचा आरसा 2.4 मीटरचा, त्यामुळे तुलना विषम वाटेल. पण हा कॅमेरा प्रकाशकण एकेक करून मोजतो. कण आदळला की एक इलेक्ट्रॉन सुटतो, त्याचे हजारो होतात आणि पडद्यावर ठिपका उमटतो. सेकंदाला सुमारे 29 चौकटी टिपल्या जातात. उपग्रह जरासा डुलला, तर दृश्य प्रकाशातल्या ताऱ्यांच्या आधाराने प्रत्येक चौकट जमिनीवर पुन्हा सरकवून जुळवतात. कमी तरंगलांबीचे अतिनील किरण वातावरणामुळे जमिनीवर पोहोचत नाहीत, म्हणून हा खटाटोप 650 किलोमीटर उंचीवर.

त्याचे फळ 2020 मध्ये दिसले. आयुकाच्या कनक साहा यांच्या गटाने 930 कोटी प्रकाशवर्षांवरच्या ‘एयूडीएफएस-01’ या दीर्घिकेतून येणारा तीव्र अतिनील प्रकाश पकडला. निरीक्षण 2016 च्या ऑक्टोबरातले, 28 तासांहून अधिक काळाचे. हबलला तो दिसला नव्हता, कारण यूव्हीआयटीच्या शोधकातला पार्श्वगोंगाट हबलपेक्षा खूप कमी होता. ही गोष्ट प्रत्येक विज्ञान शिक्षकाने वर्गात सांगावी : आकाराइतकेच मोल कॅमेऱ्याच्या शांततेचे असते.

पुढचे पाऊल आयुकातच पडले. दुर्गेश त्रिपाठी आणि ए. एन. रामप्रकाश यांच्या पुढाकाराने झालेली ‘सूट’ दुर्बीण ‘आदित्य-एल1’ या सौर यानाबरोबर 2 सप्टेंबर 2023 रोजी निघाली. पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवरच्या एल-1 बिंदूच्या परिसरातून 11 गाळण्यांतून ती सूर्याची 200 ते 400 नॅनोमीटरमधली छायाचित्रे घेते. सूर्याच्या पूर्ण बिंबाची तिची पहिली छायाचित्रे डिसेंबर 2023 मध्ये प्रसिद्ध झाली.

प्रक्षेपणाच्या धुराची छायाचित्रे आपण आवडीने पाहतो. या कॅमेऱ्यांची चर्चा मात्र क्वचितच होते. अ‍ॅस्ट्रोसॅटच्या निरीक्षणांचा साठा अभ्यासकांना खुला आहे. वाशिम, रिसोड, कारंज्यातल्या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी यंदा प्रकल्पासाठी विषय निवडताना तो साठा जरूर उघडून पाहावा.